मयंक आणि शिखरजीची अट

मयंकबद्दल सांगायचं म्हणजे आधी त्याच्या खाण्याबद्दल सांगायला पाहिजे. नंदुरबारच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो आणि सर फळ्याकडं वळले की या गड्याचा हात खिशात जायचा. खिशात फाफडा. मी धानोऱ्याचा, शेतकऱ्याघरचा. पपई, केळी, मिरची यातच वाढलेला. मयंक धर्मचंदशेठचा मुलगा. शेठ मूळ राजस्थानातल्या जैन घराण्यातले, पण दोन-तीन पिढ्या इथंच मिरचीच्या व्यापारात गेलेल्या. गावाबाहेर त्यांची पथारी आहे, म्हणजे लाल मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. हंगामात त्या बाजूनं गेलं तरी माणूस शिंकून बेजार होतो, आणि मयंक तिथंच उभा राहून दाबेली हाणायचा.

मी एकदा विचारलं, "काय रे, तुमना धरममा कांदा-लसूण चालस का?"

"घरमा नही चालत," तो म्हणाला, "बाहेर चालस." आणि पुढची दाबेली मागवली.

असा हा माणूस. सकाळी दहाच्या आत उठायचा नाही. पानटपरी घरापासून हाकेच्या अंतरावर, तरी स्कूटर काढायचा. मला सायकलचं वेड, आणि त्याला मी कॉलेजपासून म्हणत होतो, "चाल भो, एकदा सायकलवर देश पाही येऊत." तो पोट धरून हसायचा. म्हणायचा, तू जा, मी तुला रेल्वेनं भेटायला येतो, डबा घेऊन.

मागच्याच्या मागच्या चातुर्मासात उपाश्रयात, म्हणजे जैन साधू उतरतात त्या जागी, एक महाराजसाहेब मुक्कामाला आले. मयंकच्या आईला, निशाकाकींना, रोज व्याख्यानाला सोडायचं काम मयंककडं. आधी तो बाहेर स्कूटरवर मोबाईल बघत बसायचा. एके दिवशी पाऊस आला म्हणून आत जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता, तरी बसला. दिवाळीपर्यंत कांदा सुटला, बटाटा सुटला, सूर्य मावळल्यावरचं खाणं-पिणं सुटलं, शेवटी मोबाईलसुद्धा त्यानं बहिणीला, जियाला, देऊन टाकला. मला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, लग्न ठरलं की जाईल.

मग त्यानं मला पथारीवर बोलावलं आणि सरळ सांगितलं, "भाग्येश, मी दीक्षा लेई ऱ्हायनू."

मी हसलो. तो हसला नाही. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी त्याला काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. दीक्षा म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक होतं, नंदुरबारात राहून कुणाला ठाऊक नसतं? घर गेलं, नाव गेलं, आईला आई म्हणणं गेलं. जन्मभर अनवाणी चालायचं. बस नाही, रेल्वे नाही, सायकलसुद्धा नाही, चाकावर बसायचंच नाही. आणि दोस्त नावाचा माणूस उरत नाही, सगळी माणसं सारखी. मला एकच दोस्त, आणि तो मला सगळ्यांसारखा करून टाकायला निघाला होता.

पण त्यांच्यात घरच्यांनी रजा दिल्याशिवाय, म्हणजे परवानगी दिल्याशिवाय, महाराज दीक्षा देत नाहीत. धर्मचंदशेठची पंचाईत तिथंच होती. ज्या घरातला मुलगा दीक्षा घेतो त्या घराला समाजात केवढा मान! लोक आत्ताच येऊन शेठच्या पाया पडायला लागले होते. तोंडानं नाही म्हणवत नव्हतं आणि मनानं हो म्हणवत नव्हतं. एकुलता एक मुलगा. म्हणून शेठनी बाजारात करतात तसा सौदा केला.

मला घरी बोलावून, सगळ्यांसमोर, त्यांनी अट घातली. मयंकनं सायकलवर सम्मेद शिखरजीला, त्यांच्या मोठ्या तीर्थाला जायचं, पार झारखंडात, आणि सायकलवरच परत यायचं. सोबत भाग्येश. वाटेत साधूचं खाण्यापिण्याचं जे पथ्य असतं ते सगळं पाळायचं: सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, प्यायचं ते उकळलेलं पाणी, आणि जमिनीखाली उगवलेलं काही तोंडात घालायचं नाही. एकदा जरी नियम मोडला तर दीक्षेचं नाव काढायचं नाही आणि दुकानाच्या गादीवर बसायचं. नाही मोडला, तर रजा.

"साक्षीदार भाग्येश," शेठ म्हणाले. "परत आल्यावर मी त्यालाच विचारणार. तो सांगेल ते खरं."

मयंक लगेच तयार झाला. मी घरी जायला निघालो तर शेठ चपला न घालता माझ्यामागं गल्लीपर्यंत आले. माझा दंड धरला आणि हळूच म्हणाले, "तोड त्याला, बेटा. भुसावळच्या पुढं जाऊ देऊ नकोस. तुझे उपकार होतील."

मी म्हटलं, "काका, भुसावळहून परत आणतो बघा."

कसलं काय! थंडी सुरू झाल्यावर आम्ही निघालो. भुसावळ आलं, गेलं. मलकापूरला त्याच्या मांड्या अशा भरून आल्या की सायकलवरून उतरताना तो रस्त्यावर बसलाच. मी मनात म्हटलं, झालं. सकाळी उठून बघतो तर गडी पाणी उकळत बसलेला. त्या पाण्यापायी आम्ही एक छोटा स्टोव्ह आणि पातेलं सोबत घेतलं होतं, आणि ते ओझं माझ्याच सायकलला. माझा जळफळाट होत होता.

मग मी कावा सुरू केला. धाब्यावर मुद्दाम त्याच्यासमोर शेवभाजी मागवायची, वर कांदा चिरून घ्यायचा, लिंबू पिळायचं आणि बोटं चाटत खायचं. तो कोरडी पोळी आणि मिरचीचं लोणचं खायचा आणि माझ्याकडं बघायचा सुद्धा नाही. म्हणजे बघायचा, पण लगेच नजर फिरवायचा. ते मला दिसायचं, आणि मला आशा वाटायची. दुसरा कावा असा, की दुपारी मीच रेंगाळायचं, पंक्चर नसताना टायर तपासायचं, आणि सूर्य बुडायच्या आत धाबा येणारच नाही असं करायचं. विदर्भात बरेचदा तो उपाशी झोपला. तहानेनं ओठ फुटले होते.

नागपूरच्या पुढं एका संध्याकाळी तो रडला. मोठ्यानं, लहान मुलासारखा. धाब्याच्या बाजेवर बसून म्हणाला, "भो, माले भूक लागनी रे. आते मन्हाकडथीन नही व्हस. पप्पाले फोन लाव."

मी मोबाईल काढला. काय सांगू मला किती आनंद झाला! माझा अंगठा शेठच्या नावावर होता. मयंक उठला, हापशावर जाऊन तोंड धुतलं, ओल्या तोंडानं परत आला आणि म्हणाला, "राहू दे." आणि पाठ करून आडवा झाला. मी त्याच्या पाठीकडं बघून शिव्या दिल्या. तो झोपला होता की ऐकत होता, देव जाणे.

त्यानंतर तो रडला नाही. उलट त्याला जोरच चढला. रायपूर गेलं, बिलासपूर गेलं, आणि हा माणूस, जो पानटपरीवर स्कूटरनं जायचा, तो चढावर माझ्या पुढं जायला लागला. पोट आत गेलं, चेहरा उन्हानं काळा पडला. बोलायचा कमी, पण जे बोलायचा ते गोड. मीच चिडचिडा झालो होतो. शेठनी त्याला रस्त्यावर घातलं ते मोडण्यासाठी, आणि रस्ता त्याला घडवत बसला होता. हे मला दिसत होतं. काय करावं ते सुचत नव्हतं.

अंबिकापूर सोडल्यावर डोंगरात मला ताप भरला. आधी वाटलं थकवा असेल, मग अशी थंडी वाजायला लागली की हँडल धरवेना. जशपूरकडच्या रस्त्यावर रामसिंग नावाच्या पंक्चरवाल्याचं दुकान होतं, मागं घर. मयंकनं मला सायकलवरून उतरवून तिथं नेलं. रामसिंगच्या बायकोनं घोंगडी घातली. मयंक कुठून तरी डॉक्टरला घेऊन आला. डॉक्टर म्हणाला, मलेरिया दिसतो, या गोळ्या, पण रिकाम्या पोटी द्यायच्या नाहीत, आधी काहीतरी खाऊ घाला.

मला अन्नाचा वास सहन होत नव्हता. दुपारभर मयंक माझ्या डोक्याशी बसून विनवत होता आणि मी तोंड फिरवत होतो. दिवस मावळला. रामसिंगच्या बायकोनं गरम खिचडी आणली, बटाटे घातलेली. मयंकनं घास पुढं केला. तापात माणूस काय बोलतो त्याला धरबंध नसतो, आणि मी तर तापाशिवायही हट्टीच. मी म्हटलं, "तू खाशी तं मी खासू. नही तं माले मरू दे आठेच."

"भाग्येश, याडा नको व्हऊ. गोळी लेनी शे तुले."

"तू खाय."

त्यानं दाराबाहेर बघितलं. बाहेर काळोख झाला होता. रामसिंग आणि त्याची बायको आमच्याकडं टकामका बघत होते, त्यांना काय कळणार काय चाललंय. मयंक पुन्हा एकदा म्हणाला, "ऐक मन्हं." मी डोळे मिटून घेतले.

मग चमच्याचा आवाज आला. डोळे उघडले तर तो खात होता. बटाट्याचा तुकडा होता घासात. घाई नाही, कुरकुर नाही, नीट चावून खाल्ला आणि दुसरा घास माझ्यापुढं धरला. मी खाल्ला. एक तो, एक मी, असं करून त्यानं मला अर्धी थाळी खाऊ घातली, वर गोळी दिली, आणि त्याच पेल्यातलं पाणी मला हसवायला स्वतःही एक घोट प्यायला.

ताप उतरला तशी माझी अक्कल ठिकाणावर आली, आणि पहिली गोष्ट डोक्यात आली ती ही: मोडला! नियम मोडला, एक नाही, सगळे मोडले, आणि माझ्या डोळ्यांदेखत! मयंक राहिला. आता कुणाचा बाप त्याला नेऊ शकत नाही. घोंगडीखाली मी एकटाच हसत होतो. मयंकनं पुढचे दोन दिवस उपास केला, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि त्या जेवणाबद्दल एक अक्षर बोलला नाही.

तिथून पुढचा प्रवास मी राजासारखा केला. आता मला त्याला छळायची गरजच नव्हती. सूर्य मावळायच्या आत मीच धाबा शोधायचो, मीच पाणी उकळायचो, त्याच्यासाठी बिनकांद्याची भाजी करून घ्यायला स्वयंपाक्याशी भांडायचो. शिखरजीला पोचलो. पहाटे तो अनवाणी डोंगर चढला, मीही मागं मागं चढलो. वर तो हात जोडून बराच वेळ उभा होता. मी खाली धुक्यात दिसणाऱ्या जंगलाकडं बघत पुढच्या वर्षाचे बेत करत होतो. कन्याकुमारीला जाऊ. जाताना कोकणातून जाऊ.

परतीच्या वाटेवर मी त्याला हे सगळं सांगायचो. पपईचा नवा प्लॉट टाकू, तू व्यापार बघ, मी शेती बघतो, वर्षातून एकदा सायकल काढू. तो "हं" म्हणायचा. हसायचा. सगळ्या वाटेत त्यानं एकदाही विचारलं नाही, "तू पप्पांना काय सांगणार?" एकदाही म्हटलं नाही, "भो, ते सांगू नको." अकोल्यापर्यंत मी त्याची वाट बघत होतो. त्यानं विनवलं असतं तर मी साफ नाही म्हणणार होतो, चार गोष्टी सुनावणार होतो, उत्तरं सगळी तयार होती. पण हा बाबा तोंडच उघडेना. जळगावपासून मला झोप येईना. माझ्या जिभेवर त्याचं सगळं आयुष्य होतं, ते त्याला ठाऊक होतं, आणि तरी तो माझ्या शेजारी पॅडल मारत उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत चालला होता.

नंदुरबारला शेठच्या घरी माणसं जमली होती. निशाकाकींनी मुलाला बघितलं आणि तोंडाला पदर लावला, इतका तो वाळला होता. पाणी झालं, चौकशी झाली. मग शेठ गादीवर बसले. त्यांनी मयंककडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. गल्लीत माझा दंड धरला होता तेव्हाचेच डोळे.

"बोल भाग्येश. मोडला का एकदा तरी?"

मी मयंककडं बघितलं. मला वाटलं, आता तरी डोळ्यांनी काही सांगेल. तो जमिनीकडं बघत शांत बसला होता. मला इतका राग आला त्याचा! अरे, माग ना काहीतरी! एकदा माग माझ्याकडं! आणि रागातच माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही काका. नाही मोडला."

शेठचा चेहरा पडला. काकींच्या तोंडून हुंदका निघाला. जियानं माझ्याकडं असं बघितलं, जशी मी तिच्या घरात चोरी केली होती.

"भाग्येश खोटं बोलतोय, पप्पा," मयंक म्हणाला. "मी मोडला. छत्तीसगडात. अंधार पडल्यावर जेवलो, बटाटा खाल्ला, पाणी प्यायलो."

जिया रडत रडत हसायलाच लागली. काकींनी उठून मयंकच्या डोक्यावरून हात फिरवला, "राहिला माझा बच्चा, राहिला," असं म्हणत होत्या. मी खोटं बोलूनही तो राहिला होता! देवा, तुझे आभार, असं मी चक्क मनात म्हणालो.

शेठ तेवढे हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "भूक सहन झाली नाही का?"

मयंकनं परत नजर खाली वळवली. शेठनी माझ्याकडं तोंड केलं. "तू सांग. आता खरं सांग. का जेवला?"

आता मी काय करणार होतो? सांगितलं. ताप, गोळी, माझा हट्ट, सगळं. सांगता सांगता मला कळत होतं की मी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, पण सुरुवात केल्यावर थांबता येईना. शेठ ऐकत होते आणि त्यांचे खांदे हळूहळू खाली जात होते.

"भुकेनं खाल्लं असतंस तर मी तुला जाऊ दिलं नसतं," शेठ मुलाला म्हणाले. "आजारी माणसासाठी खाल्लंस. त्याला मी मोडणं कुठल्या तोंडानं म्हणू? मला सांगा कुणीतरी, कुठल्या तोंडानं म्हणू?"

काकी मटकन खाली बसल्या. शेठनी दोन्ही हात जोडले, स्वतःच्या मुलापुढं, आणि म्हणाले, "माझी रजा आहे."

फाल्गुनात दीक्षा झाली. वरघोडा, म्हणजे दीक्षेची मिरवणूक, निघाला, बँड होता, मयंक रथात बसून दोन्ही हातांनी तांदूळ आणि नाणी उधळत होता, अख्खं गाव रस्त्यावर. मी मंडपाबाहेर उभा होतो. केस उतरवून, पांढरी वस्त्रं घालून तो बाहेर आला तेव्हा शेठनी आणि काकींनी जमिनीला डोकं लावून त्याला वंदन केलं. काकींना उठवायला दोन बायका लागल्या.

यंदा थंडीत, मयंक आता ज्यांच्यात आहे ते साधू पायी विहार करत आमच्या धानोऱ्यावरून गेले. मी पपईच्या शेतात होतो. कुणीतरी ओरडलं, तसा बांधावरून पळत रस्त्यावर आलो. सहा-सात जण एकामागं एक चालले होते, तो शेवटून दुसरा. टाचा फुटलेल्या, अंग आणखी उतरलेलं. मी सगळं विसरलो आणि म्हणालो, "कसा शेस रे, मयंक?"

त्यानं आशीर्वादाला हात वर केला. "धर्मलाभ," म्हणाला.

माझ्या मागं माझी आई, धनुबाई, हात जोडून उभी होती. तिलाही म्हणाला, "धर्मलाभ." ट्रॅक्टर थांबवून उतरलेल्या ड्रायव्हरलाही म्हणाला. आवाज तोच, तिघांना सारखा. मी शाळेपर्यंत त्यांच्या मागं चालत गेलो. वाटेत त्यानं मान वळवली नाही. शाळेत ते मुक्कामाला शिरले आणि दार लोटलं गेलं.

दोस्त मेला असता तर लोक दारावर आले असते, दोन शब्द बोलले असते, माझ्या घरी चार दिवस कुणी मोठ्यानं हसलं नसतं. हा जिवंत आहे. त्यामुळं बाजारात भेटलेला माणूस माझा हात धरून म्हणतो, "भाग्यवान आहेस बाबा, तुझ्या हातून केवढं पुण्य झालं!" आणि मी म्हणतो, हो.